कट्टीनंतरची गट्टी

सायंकाळी साडेसहाच्या सुमारास संभाजीनगरच्या क्रांती चौकात घटकाभर उभे राहिले, की या शहराचा उद्याचा काळ डोळ्यांपुढून जाताना दिसतो. पाठीवर वजनदार दप्तरे, अंगावर अजून शाळेचाच गणवेश आणि एका शिकवणीतून दुसरीकडे निघालेली बारा ते पंधरा वर्षांची मुले-मुली. कुणी सायकलवर, कुणी रिक्षात, कुणी आईच्या स्कूटीमागे. चौकात फेब्रुवारी २०२२ मध्ये अनावरण झालेला शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा आहे. याच परिसरात काळा चबुतरा आहे. जून १८५७ मध्ये येथील छावणीतल्या घोडदळाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्यातील सैनिकांना देहदंड झाला, त्याची ही स्मृती. चौकाच्या नावातली ‘क्रांती’ ती हीच. इतिहासाच्या एवढ्या खुणा असलेल्या या चौकात गेल्या वर्षी मला एक अगदी लहानशी, कुठेही नोंद न होणारी गोष्ट दिसली. आज लिहायचे आहे ते तिच्याविषयी.

माझ्या परिचयाच्या दोन घरांतील दोन मुले चार वर्षे या चौकातून रोज एकत्र जात असत. एकाच कॉलनीत समोरासमोर घरे, शाळा वेगळ्या, पण शिकवणी एक. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला. एकाचे नाव गुणवत्ता यादीत आले, दुसऱ्याचे थोडक्या गुणांनी हुकले. संध्याकाळी पेढे वाटले गेले. दुसऱ्याने पेढा घेतला, पण ‘अभिनंदन’ हा शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघेना. पहिल्याने रात्री आईच्या मोबाईलवरून शिकवणीच्या गटात आपले गुण टाकले आणि खाली लिहिले, ‘आता तरी काही जणांनी अभ्यास करावा.’ त्याच्या मते ती थट्टा होती. दुसऱ्या दिवशी मित्राने शिकवणीची वेळ बदलून घेतली. त्यानंतर एक साडेपाचला चौक ओलांडी, दुसरा साडेसातला.

घरच्यांनी काय केले? यशस्वी मुलाच्या आईने सांगितले, ‘जळतात रे लोक, तू लक्ष देऊ नकोस.’ दुसऱ्याच्या वडिलांना तर हे दोन महिने कळलेच नाही. हे गृहस्थ एक निष्ठावान कार्यकर्ते आहेत. आठवड्यातून तीन दिवस संपर्कासाठी घराबाहेर असतात. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची नोकरी गेली आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. आपल्या मुलाला बोलायला कोणी उरलेले नाही, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. कळले तेव्हा ते म्हणाले, ‘अभ्यासाचे वय आहे, मित्र काय पुढे पुष्कळ मिळतील.’

हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी उच्चारलेले आहे. ते चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का आहे याचा विचार आपल्यासारख्या कुटुंबांनी करायला हवा.

या वयाचा मित्र

आठ-नऊ वर्षांपर्यंत मुलाचा मित्र हा खेळगडी असतो. जो शेजारी राहतो आणि ज्याच्याकडे बॅट असते, तो मित्र. अकराव्या-बाराव्या वर्षी मात्र काहीतरी बदलते. मुलाला प्रथमच असे कुणीतरी हवे असते, की ज्याला आई-वडिलांना न सांगता येणारी गोष्ट सांगता येईल. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सुलिव्हन यांचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या जिवलग मैत्रीला फार मोठे स्थान देतो. दुसऱ्याचे सुख आपल्या सुखाइतकेच महत्त्वाचे वाटू लागणे ही घटना माणसाच्या आयुष्यात प्रथम येथे घडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘मी’ची कक्षा ओलांडून ‘आपण’ म्हणण्याचा हा पहिला धडा होय. समाजासाठी झिजण्याची वृत्ती आपल्याला पुढच्या पिढीत हवी असेल, तर तिचे बीज या वयातल्या एका मैत्रीत असते, हे विसरून चालणार नाही.

नेमके याच वयात मन सर्वांत अनावर असते. भावना चेतवणारी मेंदूतील केंद्रे किशोरवयात लवकर प्रबळ होतात. त्यांना आवर घालणारा, कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. कठोपनिषदात शरीराला रथाची, इंद्रियांना घोड्यांची, मनाला लगामाची आणि बुद्धीला सारथ्याची उपमा दिली आहे. तेराव्या वर्षी घोडे पूर्ण वाढीचे झालेले असतात आणि सारथी अजून शिकाऊ असतो, एवढे लक्षात ठेवले तरी या वयाच्या मुलांविषयीचा आपला निम्मा राग ओसरेल.

या वयात एकटे पडण्याचे दुःख ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकण्यासारखे नसते. नाओमी आयझेनबर्गर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही तरुणांना संगणकावरील चेंडूफेकीच्या खेळातून मुद्दाम वगळले गेले. त्या वेळी त्यांच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी निगडित असलेला भाग सक्रिय झालेला आढळला. परक्यांच्या क्षुल्लक खेळात ही अवस्था, तर रोजच्या सोबत्याने तोंड फिरवल्यावर तेरा वर्षांच्या मुलाचे काय होत असेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांमागे एक जण एकाकीपणाने ग्रस्त आहे, आणि हे प्रमाण किशोरवयीनांत सर्वाधिक आहे. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ या एका वर्षात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या. राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर होता. प्रत्येक आत्महत्येमागे अनेक कारणे असतात, ती सारी मैत्रीच्या माथी मारणे हा उथळपणा ठरेल. पण संकटाच्या रात्री ज्याला हाक मारावी असा एक मित्र असणे ही केवढी मोठी तटबंदी आहे, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

कट्टी मोडण्याचा विधी

आपल्या बालपणीचे कट्टी आणि गट्टी हे शब्द आठवून पाहावेत. वरवर पोरकट वाटणारा हा प्रकार म्हणजे एक परिपूर्ण सामाजिक व्यवस्था होती. भांडण झाले की ते जाहीर करण्याची खूण ठरलेली, मिटवण्याची खूणही ठरलेली. मध्यस्थ कोण हेही ठरलेले. सकाळची कट्टी दुपारच्या चिंचेबरोबर संपत असे, कारण संध्याकाळी खेळायला गडी कमी पडत. कोणी हरले नाही, कोणाला क्षमा मागावी लागली नाही, तरी संबंध पुन्हा जुळला.

बाराव्या-तेराव्या वर्षी ही बालिश खूण गळून पडते, आणि तिच्या जागी काहीच येत नाही. मोठ्यांची क्षमायाचना अजून शिकलेली नाही, लहानांची गट्टी करायची लाज वाटते. या मधल्या पोकळीत मैत्री मरते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की या वयातील मैत्री भांडणाने तुटत नाही. भांडणे तर होणारच. मैत्री तुटते ती भांडणानंतर परत कसे यायचे हे न शिकवल्यामुळे.

आजची परिस्थिती या पोकळीत भर घालते. सिडकोच्या एकाच गल्लीतील चार मुले चार शाळांच्या चार बसमध्ये चढतात. माध्यमे वेगळी, सुट्ट्या वेगळ्या. खेळाच्या वेळेवर शिकवणीने हक्क सांगितला आहे. समोरासमोरचे भांडण थांबते, कारण समोरच्याचे भरून आलेले डोळे दिसतात. मोबाईलवरचे भांडण थांबत नाही, कारण तेथे फक्त अक्षरे दिसतात, आणि ती रात्री अकरा वाजता पुन्हा वाचता येतात. गटातून कोणाला काढून टाकायला बोटाचा एक स्पर्श पुरतो. आपल्या लहानपणी कुणाला खेळातून काढायचे तर त्याच्या तोंडावर तसे म्हणण्याचे धैर्य लागत असे.

येथे आपल्यापैकी अनेक जण म्हणतील, आमच्या वेळी असले काही शिकवावे लागले नाही. भावनिक कौशल्ये वगैरे ही पाश्चात्त्यांची फॅशन आहे. या आक्षेपाचा आदराने, पण स्पष्ट विचार करू. आपण ती कौशल्ये जन्मतः घेऊन आलो नव्हतो. वाड्याने, आजीने, मैदानाने, शाखेने ती आपल्याला नकळत शिकवली. ज्या व्यवस्था नकळत शिकवत होत्या त्या विरळ झाल्या, म्हणून आता जाणीवपूर्वक शिकवावे लागते. विहीर आटल्यावर नळ घ्यावा लागतो, तसेच हे. शिवाय तेव्हाही सारे आलबेल नव्हते. बोलीवरून चिडवला गेलेला खेड्यातला मुलगा, पाण्याच्या तांब्यापासून दूर ठेवलेला सोबती, ‘मुलींची कसली मैत्री’ म्हणून घरात बसवलेली बहीण, यांना त्या सुवर्णकाळाविषयी विचारले तर ते निराळे सांगतील.

चार भावना, चार सवयी

आणि हा विषय पाश्चात्त्यांचा तरी कोठे आहे? पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्त प्रसन्न राखण्याचा उपाय म्हणून चार भावना सांगितल्या आहेत: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, सदाचरणी माणसाविषयी मुदिता आणि दुराचरणी माणसाविषयी उपेक्षा. तेरा वर्षांच्या मुलाला मैत्री टिकवण्यासाठी जे जे लागते, त्याचा एवढा नेमका आराखडा क्वचितच सापडेल. मात्र ‘आमच्या ग्रंथांत सर्व आहे’ असे म्हणून समाधान मानण्याचा दोष आपल्यात आहे. ग्रंथात आहे एवढ्याने ते मुलात उतरत नाही. त्यासाठी सवय लावावी लागते, आणि सवय लावायला मोठ्या माणसाला वेळ द्यावा लागतो.

पहिली भावना मैत्री. तिच्यासाठी आधी स्वतःचे मन वाचता आले पाहिजे. मुलाला काय होते आहे असे विचारा. उत्तर येते ‘बोअर’ किंवा ‘टेन्शन’. दोन शब्दांत सगळे मन कसे मावणार? आपल्या मराठीत राग आहे, रुसवा आहे, हिरमोड आहे, चडफड आहे, हेवा आहे, असूया आहे, खंत आहे, ओशाळेपणा आहे, हुरहुर आहे. यांतला नेमका शब्द ज्याला सापडतो, त्याचा आवेग निम्मा शमतो. भावनेला नाव दिल्याने मेंदूतील भीती-क्रोधाच्या केंद्राची खळबळ कमी होते, असे मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या संशोधनात दिसून आले. जालना जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले. ते मनाला मारत नाहीत, त्याला सज्जन म्हणून त्याच्याशी बोलतात. आपण मुलांकडून हे श्लोक पाठ करून घेतो, स्पर्धेत बक्षीसही मिळवतो. पण रागाच्या क्षणी आपल्या मनाशी असे बोलायचे असते, हे त्यांना सांगतो का?

दुसरी करुणा. तिची सवय म्हणजे ऐकणे. मित्र रडवेला असताना उपाय सुचवायची घाई न करणे, ‘त्यात काय एवढे’ न म्हणणे, आणि त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गटात न टाकणे. मुले हे आपल्याकडून शिकतात. मुलगा सांगू लागताच जो बाप तिसऱ्या वाक्याला उपदेश सुरू करतो, त्याचा मुलगा मित्रालाही तेच देतो. एक अपवाद मुलांना जरूर सांगावा. मित्र जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर ते गुपित राखायचे नसते, विश्वासातल्या मोठ्या माणसाला तत्काळ सांगायचे असते. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही शासनाची मोफत सेवा आहे, हेही घरात सर्वांना माहीत असावे.

तिसरी मुदिता. ही सर्वांत कठीण आणि आपल्या घरांत सर्वांत दुर्लक्षित. मूळ सूत्रात ती सदाचरणाविषयीच्या आनंदासाठी येते. व्यवहारात दुसऱ्याच्या उत्कर्षाने हर्ष होणे असा तिचा अर्थ आपण घेतो. मित्राच्या दुःखात धावून जाणे तुलनेने सोपे असते, कारण तेव्हा आपण वरच्या पायरीवर असतो. मित्राच्या यशात मनापासून हसणे अवघड, कारण तेव्हा आपण खालच्या पायरीवर असतो. शेली गेबल व सहकाऱ्यांनी जोडप्यांवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष येथे विचार करण्याजोगा आहे: नात्याचे स्वास्थ्य वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षा चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादाशी अधिक जोडलेले आढळले. क्रांती चौकातल्या त्या दोघांचे बिनसले ते येथेच. एकाला मित्राच्या यशात आनंद मानता आला नाही. दुसऱ्याला आपले यश मित्राच्या जखमेवरून हलक्या पावलाने कसे न्यावे हे कळले नाही. दोघांपैकी एकही दुष्ट नव्हता. दोघांनाही कोणी शिकवले नव्हते. उलट, प्रगतिपुस्तक हाती येताच ‘समोरच्याला किती?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. मित्राला प्रतिस्पर्धी बनवण्याचे काम अशा वेळी आपण घरात बसून करत असतो.

चौथी उपेक्षा. हिचा अर्थ फार सावधपणे सांगितला पाहिजे. पैठणच्या नाथमहाराजांची ती कथा सर्वश्रुत आहे: गोदास्नान करून येताना अंगावर वारंवार थुंकणाऱ्या माणसावर न रागावता ते प्रत्येक वेळी पुन्हा स्नानाला गेले. ही कथा मनाच्या शांतीचे शिखर दाखवते. पण रोज डबा हिसकावून घेणाऱ्या, शरीराच्या ठेवणीवरून वा जातीवरून टोचणाऱ्या टोळक्यापुढे मुलाने मुकाट राहावे, असा अर्थ तिच्यातून काढला तर तो मुलावर अन्याय होईल. संतांची क्षमा सामर्थ्यातून येते. घाबरलेल्या मुलाचे गप्प बसणे ही क्षमा नव्हे. येथे उपेक्षा म्हणजे चिडवणाऱ्याला हवी असलेली चिडचिड न देणे, ‘हे मला चालणार नाही’ असे ठामपणे म्हणणे, तेथून दूर होणे आणि मोठ्यांना सांगणे. मित्राने सिगारेट पुढे केली तर मैत्री राखून नकार देणे, हेही याच सवयीचे अंग आहे.

या चारही भावनांनंतर उरते ती परत येण्याची कला. चूक झाली तर ‘सॉरी’ एवढे पुटपुटून भागत नाही. मी नेमके काय केले, त्याने तुला काय झाले असेल आणि यापुढे मी काय करीन, ही तीन वाक्ये म्हणता येणे म्हणजे क्षमा मागणे. मुलांना ती येत नाहीत, कारण त्यांनी ती कधी ऐकलेलीच नसतात. ज्या घरात वडिलांनी आईची किंवा मुलाची क्षमा मागितलेली मुलाने पाहिली आहे, त्या घरात हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

सर्वच मैत्र्या टिकतील असे मात्र नव्हे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सातवीत जुळलेल्या मैत्र्यांपैकी बारावीपर्यंत टिकलेल्या शंभरात जेमतेम एक निघाल्या. तेथील आणि येथील समाज वेगळा असला, तरी एक दिलासा त्यात आहे: मैत्री संपणे हे मुलाचे अपयश नसते. कटुता न ठेवता, निंदा न करता, जुनी गुपिते राखून दूर होता येणे हीसुद्धा एक कमाई आहे. टिकवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करून मग सुटलेली मैत्री माणसाला घडवते; अबोल्यात कुजलेली मैत्री त्याला आतून कडवट करते.

आपण काय करावे?

पालकांना गुणांची चिंता असते, म्हणून प्रथम तिचेच उत्तर देतो. जोसेफ डुरलॅक व सहकाऱ्यांनी २०११ साली भावनिक व सामाजिक कौशल्ये शिकवणाऱ्या २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थी होते. अशा उपक्रमांतील मुलांचे वर्तन तर सुधारलेच, शिवाय अभ्यासातही ती इतरांपेक्षा सरासरीने ११ पर्सेंटाइल पुढे गेली. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही बौद्धिक विकासाबरोबर सामाजिक व भावनिक क्षमतांचा विकास हे शिक्षणाचे उद्दिष्ट मानले आहे. तेव्हा मैत्रीसाठी दिलेला तास अभ्यासातून वजा होतो, हा समज सोडून द्यावा.

घरापुरते बोलायचे तर कुटुंब प्रबोधनात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसण्याचा आग्रह आपण धरतोच. त्या बैठकीत देशाच्या प्रश्नांवर चर्चा होते, ती व्हावीच. पण एक प्रश्न नियमाने विचारला जावा: ‘या आठवड्यात तुझ्या मित्राला कशाचा आनंद झाला?’ या एका प्रश्नाने मुलाची नजर स्वतःवरून मित्राकडे वळते. मुलाचे मित्र घरी यावेत, जेवावेत, आणि ते कोणत्या वस्तीतले, कोणत्या जातीचे याची चौकशी स्वयंपाकघरात कुजबुजत होऊ नये. समरसतेवरची दहा बौद्धिके जे देणार नाहीत, ते आईने परक्या मुलाला आग्रहाने वाढलेली दुसरी पोळी देऊन जाते. आणि मुलाला लेबल लावणारी ती वाक्ये, ‘जळतात लोक’, ‘त्याच्या नादी लागू नकोस’, जिभेवर येण्यापूर्वी गिळून टाकावीत.

शाखा आणि समिती यांना तर या कामाची परंपराच आहे. डॉक्टरांनी १९२५ साली नागपुरात ज्या तरुण मुलांना जोडले, ती प्रथम त्यांच्या स्नेहाने बांधली गेली. विचार त्यामागून आला. आपले खेळही काय शिकवतात ते पाहा. कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. संघाने समोरचा गडी बाद केला, की तो पुन्हा मैदानात येतो. दुसऱ्याच्या पराक्रमाने आपण जिवंत होतो, यापेक्षा मुदितेचा सोपा धडा कोणता? मात्र तो धडा खेळानंतर दोन वाक्यांत बोलून दाखवावा लागतो. बालशाखेच्या मुख्यशिक्षकाने हरलेल्या गटाला काय वाटले हे विचारावे. गैरहजर मुलाच्या घरी गटनायकाने जावे ते केवळ संख्या वाढावी म्हणून नव्हे, तर त्याची विचारपूस करण्यासाठी. तेरा वर्षांचा मुलगा अचानक येईनासा झाला, तर ‘नियमितपणा नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी त्याचे कोणाशी बिनसले आहे का, हे पाहावे. मुलींच्या बाबतीत तर अधिकच, कारण त्यांच्यातील वगळणे बहुधा आवाज न करता होते. डब्याच्या वेळी एकटी बसणारी मुलगी सहज नजरेतून सुटते.

रायरेश्वराच्या साक्षीने स्वराज्याची शपथ घेतली गेली ती १६४५ साली, असे परंपरा सांगते. म्हणजे शिवराय तेव्हा पंधरा वर्षांचे होते, आणि भोवती होते ते मावळातले सवंगडी. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली कोंढाण्यावर प्राण ठेवला, तो त्याच सोबतीचा अखेरचा हिशेब होता. पंचवीस वर्षे टिकलेल्या त्या स्नेहात मतभेद, रुसवे, हेवेदावे आलेच नसतील असे कोण म्हणेल? पण ते स्नेह राखले गेले, म्हणून किल्ले राखले गेले. चौकात पुतळा एकट्या महाराजांचा आहे. स्वराज्य मात्र एकट्याने उभे राहिले नाही.

त्या दोन मुलांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आपल्या पूर्वजांना मोठ्यांच्या कट्टीचीही काळजी होती, म्हणून वर्षातून एक दिवस तिळगूळ हाती देऊन गोड बोलण्याची विनवणी करण्याचा रिवाज त्यांनी घातला. मकर संक्रमणाचा उत्सव आपण शाखेवर करतो. यंदा त्या कार्यकर्त्या वडिलांनी मुलाला संध्याकाळी विचारले, ‘समोरच्या घरी तिळगूळ द्यायला तू येतोस का? तुझ्या मित्राकडे माझेही एक काम आहे.’ तेथे गेल्यावर ते त्या यशस्वी मुलाला म्हणाले, ‘तुझे अभिनंदन करायचे माझ्याकडूनही राहूनच गेले होते, बाळ. क्षमा कर.’ खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग दोन्ही मुलांनी एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवला. कोणी फारसे बोलले नाही.

परवा क्रांती चौकात ती दोघे पुन्हा एकत्र दिसली. पूर्वीइतकी बडबड नव्हती, सायकली मात्र एकमेकींशेजारून चालल्या होत्या. सिग्नलला एकाची साखळी उतरली. दुसरा थांबला, आपली सायकल दुभाजकाला टेकवून खाली बसला आणि हात काळे करू लागला. मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला, तरी तो उठला नाही.